जोडीदाराचा व्हिसा ‘मागाहून’ नको

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परदेशातल्या नोकऱ्यांविषयी आपल्या पानांवर बरंच छापून येतं. पगार किती, घरभाडं किती, कर किती कापतात, मुलांच्या शाळेचं काय, हे सगळं मी आवडीनं वाचतो. पण त्या नोकरीपायी जो दुसरा माणूस देश सोडतो त्याच्या व्हिसाचं काय होतं, यावर ‘कुटुंबालाही नेता येतं’ यापलीकडे फारसं काही वाचायला मिळत नाही. मी तो दुसरा माणूस आहे. पत्नीला जर्मनीत नोकरी लागली, मी तिच्याबरोबर जायचं ठरलं, आणि प्रत्यक्षात मी तिच्यामागून सात महिन्यांनी पोचलो. त्यातले बहुतेक महिने कुठल्याही कायद्यानं घेतले नाहीत. आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून ते गेले. हे पत्र त्यासाठीच लिहितो आहे.

माझी पत्नी मोटारींच्या नियंत्रण यंत्रणेचं सॉफ्टवेअर लिहिते. नेमणूकपत्राबरोबर कंपनीच्या एचआरचा मेल आला. त्यात विमानाचं तिकीट, पहिल्या महिन्याची राहायची सोय, घर शोधायला मदत, असं सगळं होतं आणि शेवटी एक ओळ होती: जोडीदाराला मागाहून येता येईल. आम्हा दोघांनाही ती ओळ आपुलकीची वाटली. ‘बघ, तुझाही विचार केलाय त्यांनी,’ असं ती म्हणालीसुद्धा. मागाहून म्हणजे किती मागाहून, कुठल्या अर्जावर, कुणाच्या जबाबदारीवर, हे आम्ही एकदाही विचारलं नाही. सही केली आणि मेल परत पाठवला.

जर्मनीत १ मार्च २०२० पासून कुशल मनुष्यबळासाठी एक जलद प्रक्रिया आहे. मालकानं कर्मचाऱ्याच्या वतीनं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात अर्ज करायचा, ४११ युरो शुल्क भरायचं, मग वकिलातीतली भेटीची वेळ आणि निर्णय दोन्ही लवकर मिळतात. कंपनीनं पत्नीसाठी हाच मार्ग घेतला आणि तिचा व्हिसा काही आठवड्यांत हातात पडला. याच प्रक्रियेत जोडीदाराचं आणि अठरा वर्षांखालच्या मुलांचं नाव जोडता येतं, त्यांचे अर्ज त्याच सुमारास व्हायला हवेत एवढंच. त्यांच्या निवास कायद्याच्या कलम ८१-अ मध्ये तशी सोय आहे. म्हणजे माझं नाव आणि विवाहाचा दाखला एवढं कंपनीकडे वेळेत गेलं असतं, तर आम्ही एकाच विमानात बसलो असतो. कंपनीनं ते मागितलं नाही आणि ते द्यायचं असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. हे मला कळलं तेव्हा पत्नीला जाऊन पाच महिने झाले होते.

ती मार्चमध्ये गेली. मी शाळेत गणित शिकवतो. शिकवत होतो, असं म्हणायला हवं, कारण वर्ष संपताना मी राजीनामा दिला. नव्या वर्षाची तासिका माझ्या नावावर लावून मध्येच मुलांना सोडून जाणं मला पटलं नसतं. महिनाभरात निघायचंच आहे, असं मी धरून चाललो होतो. व्हिसा पासपोर्टवर चिकटेपर्यंत नोकरी सोडायची नसते, हे मी आज दहा जणांना सांगतो. मला कुणी सांगितलं असतं तर मी शाळेशी बोलून काही मार्ग काढला असता. ती मंडळी समजूतदार होती.

मग मी एका सल्लागाराकडे गेलो. नाव लिहीत नाही. त्यानं माझं म्हणणं दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, ‘जर्मनीला नवरा-बायकोच्या व्हिसावर जायचं तर ए-वन लागतंच. आधी परीक्षा द्या, मग या.’ ए-वन म्हणजे जर्मन भाषेची सगळ्यात खालची पायरी. नियम खोटा नाही. जोडीदाराला साध्या जर्मनमध्ये आपलं म्हणणं सांगता आलं पाहिजे, असं त्या कायद्याच्या कलम ३० मध्ये लिहिलेलं आहे. पण त्याच कलमात पुढे अपवादही आहेत, आणि ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा निवास-परवाना, ज्याच्याकडे आहे त्याचा जोडीदार हा त्यातला एक आहे. त्याला प्रवेशापूर्वी भाषेची परीक्षा लागत नाही. माझ्या पत्नीकडे ब्लू कार्डच होतं. सल्लागारानं मला एकच प्रश्न विचारायला हवा होता: तिचा परवाना कोणत्या प्रकारचा? तो त्यानं विचारला नाही आणि मलाही तो सुचला नाही. मी फी भरली आणि वर्गाला बसलो.

भाषा शिकल्याचं मला अजिबात दुःख नाही. ती शिकायलाच हवी, जितकी लवकर तितकी बरी, आणि इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिचा उपयोग झाला. पण ती शिकण्यासाठी संसार दोन देशांत वाटून ठेवायची गरज नव्हती. संध्याकाळचा वर्ग, रात्री तिचा फोन, तिच्या घड्याळात साडेतीन-साडेचार तास मागे. ती एकटीच रिकामी घरं बघत हिंडत होती आणि मला फोनवरून खोल्या दाखवत होती. घर तिनं दोघांच्या हिशेबानं घेतलं. किल्ली मिळाली त्या दिवशी तिनं मला एक फोटो पाठवला: इमारतीच्या दारातली पत्रपेट्यांची रांग, आणि त्यातल्या एका पेटीवर तिच्या अक्षरात आमची दोघांची आडनावं, एकाखाली एक. जर्मनीत पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं, हे तिला घरमालकिणीनं सांगितलं होतं. मी तिथे नव्हतो, पण माझं नाव पोचलं होतं. तो फोटो मी अजून जपून ठेवला आहे.

जुलैत परीक्षा झाली. तोंडी परीक्षेची सुरुवात स्वतःची ओळख करून देण्यापासून होते. नाव, गाव, भाषा, काम, आणि मग परीक्षक म्हणतात, तुमचं आडनाव अक्षरं सुटी करून सांगा. माझ्या आडनावात ‘व’ येतो. पासपोर्टवर तो ‘व्ही’नं लिहिलेला आहे. जर्मन वर्णमालेत ‘व्ही’ला ‘फाउ’ म्हणतात आणि ‘डब्ल्यू’ला ‘व्हे’. इथे माझ्या वर्गातले निम्मे लोक अडखळायचे. मी चांगला घोकून गेलो होतो. ‘फाउ’ म्हणालो, परीक्षकबाईंनी मान हलवली, मी पास झालो.

ऑगस्टमध्ये अर्ज द्यायला गेलो, तेव्हा काउंटरपलीकडच्या मुलीनं माझी फाइल उघडली, पासपोर्ट डावीकडे ठेवला, विवाहाचा दाखला उजवीकडे, आणि दोन्ही कागदांवरच्या माझ्या आडनावावरून पेनाचं टोक सावकाश फिरवत नेलं. एका ठिकाणी ते थांबलं. दाखल्याच्या इंग्रजी प्रतीत माझ्या ‘व’साठी ‘डब्ल्यू’ होता. तो दाखला आमच्या घरात सहा वर्षं होता. बँकेत दिला होता, विम्याला दिला होता, कुणी काही बोललं नव्हतं आणि मीही कधी अक्षर अक्षर वाचलं नव्हतं. मराठीत तो एकच ‘व’ आहे हो, असं मी तिला सांगू लागलो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘सर, मला कळतंय. पण तिकडे हे मराठीत वाचणार नाहीत.’ तिचं काही चुकलं नव्हतं. ज्या मुद्द्यावर अख्खा अर्ज उभा असतो, म्हणजे हा माणूस त्या बाईचा नवरा आहे, तो मुद्दा सिद्ध करणारा कागद तो एकच असतो. त्यातला नवरा आणि पासपोर्टमधला माणूस एकच आहे हे कागदावरूनच दिसलं पाहिजे. दाखला दुरुस्त करून घेणं, त्याचं अधिकृत अनुवादकाकडून पुन्हा जर्मन भाषांतर करणं, नवी वेळ मिळवणं, यात सहा आठवडे गेले.

म्हणून ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही त्यांनाही माझी विनंती आहे. आज रात्री जेवणं झाली की दोघांचे पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि जन्मदाखले टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकानं मोठ्यानं अक्षरं वाचा, दुसऱ्यानं दुसऱ्या कागदावर बोट ठेवून बघा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं असेल तर दोन्ही नावं जोडणारा कागद हातात आहे का, ते बघा. चूक सापडली तर ती दुरुस्त करायला आत्ता वेळ आहे. तिकिटं काढल्यावर नसतो. आणि एका कागदावर चूक आहे म्हणून अर्जात तीच चूक मुद्दाम लिहून जुळवाजुळव करू नका. अर्जात पासपोर्टप्रमाणेच लिहायचं आणि चुकीचा कागद सुधारून घ्यायचा.

अपोस्टिलविषयीही थोडं सांगतो, कारण त्यात पैसे फुकट जातात. परदेशी कागद खरा आहे हे दाखवणारा हा शिक्का १९६१ च्या हेग करारातून आला आणि भारत त्या करारात २००५ मध्ये सामील झाला. त्यामुळे अपोस्टिल केलं की सगळीकडे चालतं, असा समज आहे. पण जर्मनीनं भारताच्या प्रवेशाला हरकत नोंदवली होती, त्यामुळे आमच्या वेळी या दोन देशांत तो शिक्का लागूच नव्हता. वकिलातीला शंका आली तर ती स्वतः कागदाची पडताळणी करून घेते. तरीही माझ्याकडून अपोस्टिलचे पैसे घेतले गेले. आपण ज्या देशात जाणार त्या देशाच्या वकिलातीची यादी काढायची आणि तिच्यात जे लिहिलंय तेवढंच करायचं. फोटोचं उदाहरण घ्या. जर्मनीला ३५ बाय ४५ मिलिमीटरचा लागतो, अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच. दुसऱ्या देशाची यादी आपल्या कामाची नसते.

आता ज्या गोष्टीसाठी मला खरं तर पेन उचलावंसं वाटलं, तिच्याकडे येतो. जोडीदाराला तिथे काम करता येईल का? नेमणूकपत्रावर सही करण्याआधी हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. ‘डिपेंडंट’ हा एकच शब्द सगळीकडे वापरतात, पण त्याच्या आतला माणूस एका देशात सोमवारी कामावर जाऊ शकतो आणि दुसऱ्या देशात कित्येक वर्षं घरी बसतो.

ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मनीत पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करता येतं, वेगळी परवानगी लागत नाही. अमेरिकेत एच-वन-बी या कुशल कर्मचाऱ्यांच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-फोर हा आश्रिताचा व्हिसा मिळतो आणि त्यावर काम करता येत नाही. २६ मे २०१५ पासून काही एच-फोर धारकांना कामाचा परवाना मागता येतो, पण तो केव्हा, तर मूळ धारकाचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असेल किंवा त्या वाटेवर त्याला सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळाली असेल तेव्हाच. याउलट कंपनीनंच बदली करून पाठवलेल्या एल-वन धारकाच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून त्याच्या दर्जाबरोबरच कामाचा हक्क मिळतो. एकाच कंपनीत, एकाच कामासाठी, दोन वेगळ्या प्रकारांनी गेलेल्या दोन जोडप्यांची आयुष्यं इतकी वेगळी होतात. कंपनी विचारते तेव्हा ‘कुठल्याही व्हिसावर चालेल’ असं आपण म्हणून जातो. तसं म्हणायचं नाही.

जपानमध्ये आश्रित म्हणून गेलेल्या जोडीदाराला परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. सिंगापूरमध्ये पूर्वी डिपेंडंट पासवर मालकाच्या एका संमतिपत्रावर नोकरी करता यायची. १ मे २०२१ पासून बहुतेकांना स्वतःचा वेगळा वर्क पास काढावा लागतो. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला जवळपास कुठलंही काम करता येतं, पण केअर वर्कर म्हणून जाणाऱ्यांना जोडीदाराला बरोबर नेणं ११ मार्च २०२४ पासून बंद झालं. आयर्लंडनं उलट दिशेनं पाऊल टाकलं: मे २०२४ पासून साध्या एम्प्लॉयमेंट परमिटवर असलेल्यांच्या जोडीदारांनाही वेगळा परवाना न काढता काम करता येतं. कॅनडानं २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराच्या खुल्या, म्हणजे कुठल्याही मालकाकडे चालणाऱ्या, वर्क परमिटला कात्री लावली. मूळ कर्मचारी वरच्या कौशल्यगटातला किंवा ठरावीक व्यवसायांतला हवा आणि त्याच्या परवान्याचे १६ महिने तरी शिल्लक हवेत.

या तारखा मी मुद्दाम दिल्या आहेत. ‘माझी मावसबहीण गेली तेव्हा तिला लगेच काम मिळालं’ हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा आधार असतो. मावसबहीण खरं सांगत असते, पण ती जुन्या नियमाखाली गेलेली असते. हे पत्र छापून येईपर्यंत यातलंही काही बदललेलं असू शकतं. सही करायच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचावं आणि त्या पानाची तारखेसह प्रत काढून ठेवावी.

व्हिसा काम करू देतो म्हणजे आपलं काम करू देतो असंही नाही. माझ्या निवासपत्रावर जर्मनमध्ये दोन शब्द छापलेले आहेत: ‘एर्व्हेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट’, म्हणजे उपजीविकेचं काम करण्यास मुभा. कार्ड हातात आलं तेव्हा मी ते दोन शब्द कितीतरी वेळ बघत होतो. सात महिने बेकार बसलेल्या माणसाला ते काय वाटतं ते मी सांगू शकत नाही. पण सरकारी शाळेत शिक्षक होण्यासाठी ते पुरत नाहीत. शिक्षकी तिथे नियमन असलेल्या पेशांत येते. पदवीची मान्यता, बऱ्याच वरच्या पातळीची जर्मन, आणि बहुधा दुसऱ्या एखाद्या विषयाचीही तयारी लागते. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट यांचंही तसंच. मी सध्या एका खासगी शिकवणी संस्थेत आठवीच्या मुलांना बीजगणित शिकवतो आणि संध्याकाळी भाषेच्या वर्गाला जातो. माझी पदवी मान्य होण्याचा अर्ज मी निघण्यापूर्वीच करू शकलो असतो, तेही कुणी सांगितलं नाही. जोडीदार अशा पेशातला असेल तर व्हिसाच्या फाइलबरोबर ही दुसरी फाइलही त्याच दिवशी उघडावी.

नात्याचा पुरावा हा आणखी एक अवघड भाग. आमच्या प्रकारात विवाहाचा दाखला पुरला. ऑस्ट्रेलियाच्या पार्टनर व्हिसात मात्र चार अंगांनी नातं तपासतात: पैशांचे व्यवहार, घर कसं चालतं, समाजात जोडपं म्हणून ओळख आहे का, आणि एकमेकांशी बांधिलकी. ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदारासाठी ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे. त्याआधी ती १८,६०० होती. नव्यानं लग्न झालेल्यांकडे एकत्र बँक खातं नसतं, एकत्र भाडेकरार नसतो, आणि ते घाबरून खोटे कागद जमवायला लागतात. कृपा करून तसं करू नका. एक खोटा कागद सापडला तर पुढची कित्येक वर्षं दारं बंद होतात, आणि तीही दोघांसाठी. जे थोडं आहे ते खरं आणि तारीखवार द्यावं. तिकिटं, पैसे पाठवल्याच्या नोंदी, एकमेकांना भेटल्याचे पुरावे आणि एक साधं, सरळ लिहिलेलं पत्र: कधी भेटलो, कधी लग्न झालं, कुठे राहिलो. आपलं नातं कुणा अनोळखी माणसाला पटवून द्यावं लागतं याचा त्रास होतो. मलाही झाला. पण समोरचा माणूस फक्त कागद बघू शकतो हे ध्यानात ठेवलं की तो त्रास थोडा कमी होतो.

‘टुरिस्ट व्हिसावर जा आणि तिकडे बदलून घ्या’ असंही मला दोघांनी सुचवलं. शेंगेनच्या, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या, पर्यटक व्हिसावर गेलेल्या आपल्या नागरिकाला सर्वसाधारणपणे तिथे तो बदलून मिळत नाही, परत येऊन रीतसर अर्ज करावा लागतो. मी पत्नीला भेटायलाही तसा गेलो नाही, कारण चालू अर्जात गुंता नको होता.

संपादक महोदय, शेवटचा मुद्दा जरा नाजूक आहे. जोडीदाराचा व्हिसा मूळ माणसाच्या नोकरीला आणि त्या लग्नाला बांधलेला असतो. अमेरिकेत एच-वन-बीची नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांची मुदत मिळते आणि तेवढ्याच दिवसांत एच-फोरवरच्या माणसालाही सगळं आवरावं लागतं. लग्न मोडलं तर काय, हे निघताना कुणीच विचारत नाही, आणि विचारूही वाटत नाही. तरी माहीत असावं. जर्मनीत साधारणपणे तीन वर्षं एकत्र राहिल्यावर जोडीदाराला स्वतंत्र निवासाचा हक्क मिळतो, आणि घरात मारहाण, छळ होत असेल तर त्या तीन वर्षांची अट शिथिल होऊ शकते. हे त्याच निवास कायद्याचं कलम ३१. माझ्या भाषेच्या वर्गात एक मुलगी आहे, कुठल्या देशाची ते लिहीत नाही. तिचा पासपोर्ट नवऱ्याकडे असतो, व्हिसाच्या अर्जावरचा ईमेल नवऱ्याचा, फोन नवऱ्याचा. आपल्या परवान्याची मुदत कधी संपते हे तिला माहीत नव्हतं. वर्गात निवासपत्रावरचे शब्द शिकवत होते, तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं, की हे कार्ड माझंही असतं का?

त्या दिवसापासून जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी हे सांगतो, मग मागून जाणारी बायको असो की माझ्यासारखा नवरा. अर्जात स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा फोन घाला, एजंटाचा नको, जोडीदाराचाही नको. तुमचा पासपोर्ट, निवासपत्र आणि दाखल्यांच्या प्रती तुमच्या ताब्यात असू द्या. परवान्याची मुदत तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये लिहा. पोचल्यावर पत्त्याची नोंदणी असते. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि घरमालकाचं लेखी पत्र लागतं. त्या खिडकीशी दोघांनी मिळून जा, स्वतःचे कागद स्वतः पुढे करा. यात अविश्वास नाही. माझ्या पत्नीनंच मला हे करायला लावलं. ती म्हणाली, ‘मला उद्या काही झालं तर तुला इथे कुणाचा हात धरून चालायला लागू नये.’

आपल्याकडे एक मागणं आहे. परदेशी नोकऱ्यांची माहिती छापताना प्रत्येक देशापुढे आणि प्रत्येक व्हिसापुढे एक रकाना वाढवावा: जोडीदाराला नेता येतं का, एकाच वेळी अर्ज करता येतो का, आणि त्याला काम करता येतं का. रकाना तीन शब्दांत भरता येईल. पण तो डोळ्यांपुढे असला की सही करण्याआधी घरात त्यावर बोलणं होईल. आणि आपल्या वाचकांपैकी जे असे मागून गेले, त्यांनी आपापले अनुभव तारखांसह आपल्याकडे पाठवावेत.

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिला इथेच नोकरी मिळते आहे, नवरा आर्किटेक्ट, सही व्हायची होती. कंपनीच्या मेलमध्ये तीच ओळ होती, जोडीदार मागाहून येऊ शकेल. मी तिला सही दोन दिवस थांबवायला सांगितली आणि कंपनीला एकच वाक्य लिहायला लावलं: माझ्या पतीचा अर्ज माझ्याच प्रक्रियेत, माझ्याबरोबर करावा, विवाहाचा दाखला सोबत जोडला आहे. पाठवण्याआधी दाखल्यावरची अक्षरं आम्ही फोनवर दोनदा वाचली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. हरकत नाही, त्यांचा पासपोर्टही पाठवा.

आपला नम्र,
एक वाचक, गणिताचा शिक्षक
(नाव व पत्ता आपल्याकडे आहे, छापू नये ही विनंती.)